सचिवालय नावाचा घोडा : एका चित्राच्या नोंदी

६ जुलै २०२५, आषाढी एकादशी

आज उपास. जेवणाची सुस्ती नव्हती, म्हणून वरच्या खोलीतलं सामान एका भिंतीला लावलं आणि इझल उत्तरेच्या खिडकीशी ओढला. नागपूरच्या महाल भागातल्या या घरात स्थिर उजेड मिळतो तो एवढ्या एकाच खिडकीतून. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात चाळीस वर्षं गेली. पुढे फ्लेक्स आला आणि आमची जमात घरी बसली. आता हात रिकामा आहे आणि डोक्यात पन्नास वर्षांचा एक घोडा आहे.

तो आला रद्दीतून. अक्षरांचे नवे नमुने पाहायला बाबा इंग्रजी मासिकांचे गठ्ठे आणायचे. मी बारा-तेरा वर्षांचा असेन. एका पानावर तांबडा घोडा होता, पाठीवर निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा जॉकी. जॉकी समोर न बघता मान वळवून डावीकडे बघतोय आणि मागे कोणी म्हणजे कोणीच नाही. बाबांनी खालचं नाव जुळवून वाचलं, ‘सेक्रेटेरियट’. मग म्हणाले, “म्हणजे सचिवालय. सचिवालय पळताना पहिल्यांदाच पाहतोय बाप्पा!” त्यांचं पाट्यांचं एक बिल तेव्हा कुठल्याशा सरकारी कचेरीत अडकलेलं होतं. घरात त्या घोड्याचं नाव सचिवालयच पडलं. पान भिंतीला चिकटवलं होतं, पुढे चुन्याच्या पोपड्यांबरोबर तेही गेलं.

९ जुलै

कॅनव्हास ताणला. तीन फूट बाय चार फूट, जाड सुती कापड, जेसोचे, म्हणजे पांढऱ्या अस्तराचे, तीन हात, प्रत्येक हातानंतर पॉलिश पेपर. पाऊस थांबायचं नाव घेत नाही. पहिला हात वाळायला उन्हाळ्यात अर्धा तास पुरतो, आज दुपार गेली.

माप ठरवलं. सेक्रेटेरियटची उंची १६.२ हँड. घोडा हँडमध्ये मोजतात, एक हँड म्हणजे चार इंच, आणि टिंबापुढचा आकडा दशांश नसून उरलेले इंच असतात. म्हणजे १६ चोक ६४ अधिक २, एकूण ६६ इंच. ही उंची खांद्याच्या उंचवट्यापर्यंतची, डोकं त्यात धरत नाहीत. मी एक-तृतीयांश प्रमाण धरतोय, म्हणजे कॅनव्हासवर २२ इंच. पाटी रंगवणाऱ्याला पूर्णांक निघाला की बरं वाटतं.

१२ जुलै

कोळशाने तेच जुनं पान आठवून काढायला घेतलं. बेल्मॉन्ट पार्क, न्यूयॉर्क, ९ जून १९७३, दीड मैल. जॉकी रॉन टर्कॉट डावीकडे का पाहत होता, ते मला मोठेपणी कळलं. धावपट्टीच्या आतल्या बाजूला वेळ दाखवणारा फलक होता, त्यावरचे आकडे तो बघत होता. बघायला दुसरं काही उरलंच नव्हतं. २ मिनिटं २४ सेकंद. तो विक्रम आजही मोडलेला नाही.

पहिला आराखडा तासाभरात झाला आणि पाहतो तर कॅलेंडरमधला घोडा! पुढचे पाय पुढे ताणलेले, मागचे मागे, पोट जमिनीला समांतर. असा घोडा कधी पळत नाही. १८७८ साली कॅलिफोर्नियात मायब्रिज नावाच्या छायाचित्रकाराने ओळीने कॅमेरे लावून हा वाद मिटवला. चारही पाय हवेत असतात खरे, पण ते पोटाखाली गोळा झालेले असताना. त्याआधीचे मोठमोठे चित्रकारही पाय ताणूनच काढत आले. माझा हात त्यांच्याच वळणावर गेला, याची लाज वाटली आणि थोडं बरंही वाटलं.

पाय दुरुस्त केले. मग दुसरी अडचण. त्या शर्यतीची सगळी कथा अंतराची आहे. सेक्रेटेरियट ३१ लांबींनी जिंकला. घोड्याची एक लांबी साधारण आठ फूट धरली तर दुसरा घोडा अडीचशे फूट मागे. माझ्या एक-तृतीयांश प्रमाणात ते रिकामं अंतर दाखवायचं तर ८३ फूट कॅनव्हास लागेल. एवढी लांब पाटी मी एकदाच रंगवली आहे, एका कारखान्याच्या कुंपणाची भिंत, आणि तिच्यावरही मधे कुठे तरी अक्षरं होती.

रात्री तिसरी अडचण दिसली आणि तिने हा बेत मोडलाच. शर्यतीत त्याच्या डोक्यावर निळ्या-पांढऱ्या चौकड्यांची झापडं असत. डोळ्यामागे वाटी. म्हणजे एवढा खटाटोप करून डोळा नाहीच! डोळा नसलेलं ते कसलं व्यक्तिचित्र?

१५ जुलै

ओल्या फडक्याने कोळसा पुसला. उभा घोडा काढायचा. डावी बाजू, झापडं नाहीत, जीन नाही, जॉकी नाही. डोक्याला फक्त मोहरकी.

शेजारच्यांनी जिन्यातून विचारलं, “घोडे का? हुसेनसारखे?” नाही म्हटलं. हुसेनचे घोडे हुसेनचे असतात, कोणा एका घोड्याचे नसतात. मला हा एकच हवाय.

तर हा एक. जन्म ३० मार्च १९७०, व्हर्जिनियातलं मेडो फार्म, बाप बोल्ड रूलर, आई समथिंगरॉयल. जन्मायच्या आधीच तो नाणेफेकीत मिळालेला. बापाचे मालक आणि आईचे मालक यांच्यात करार होता. शिंगरं कोणी कोणती घ्यायची हे १९६९ साली नाणं उडवून ठरलं. मेडोच्या पेनी चेनरी नाणेफेक हरल्या. जिंकणाऱ्याने समोर दिसणारी शिंगी उचलली, हरणारीच्या वाट्याला आईच्या पोटातलं आलं. ती शिंगी पुढे एकही शर्यत जिंकली नाही.

नावाचंही तसंच. सुचवलेली नावं एकामागून एक नामंजूर होत गेली आणि शेवटी कचेरीतल्या सेक्रेटरी बाईंनी सुचवलेलं हे नाव टिकलं. बाबांचा विनोद त्यांना कळला असता.

१९ जुलै

फोटोवरून सांगाडा उतरतो, कातडं उतरत नाही. जिवंत घोडा पाहिल्याशिवाय पुढे सरकायचं नाही असं ठरवून पाचपावलीकडे एका घोडीवाल्याकडे गेलो. वरातीला घोडी पुरवतात. दोन पांढऱ्या घोड्या आणि बग्गीला जुंपायचा एक म्हातारा तांबडा घोडा. चातुर्मास लागलाय, लग्नं नाहीत, त्यामुळे जनावरंही रिकामी आणि मालकही.

मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी दोन बोटांनी मोठा करून पाय पाहिले, मग तोंड, मग पुन्हा पाय. म्हणाले, “सुरंग आहे जी, पुरा तांबडा. मागचे दोन्ही पाय पांढरे, पुढचा उजवा पांढरा, कपाळावर टिळा अन् खाली पट्टी. एक पाय अजून पांढरा असता तं पंचकल्याणी झाला असता.”

मग विचारलं, “पळाला किती?”

“२१ शर्यती, १६ जिंकल्या.”

“मंग एका पायानं काई अडलं नाई त्याचं.”

तिथेच दोन तास बसून चितारलं. कान मात्र उतरवायचे नाहीत, हे स्वतःला बजावून ठेवतोय. त्यांच्या घोड्या मारवाडी वळणाच्या, कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकू पाहतात. सेक्रेटेरियट थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या घोड्यांच्या जातीचा, आणि थरोब्रेडचे कान सरळ. तीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडात नेलेल्या तीन अरबी-तुर्की घोड्यांपाशी आजच्या प्रत्येक थरोब्रेडची नराकडची वंशावळ पोचते. तो निराळाच घराणा.

२२ जुलै

सकाळी फिरायला निघालो तो थेट शून्य मैलापर्यंत. दगडी खांबाशेजारचे ते चार उधळलेले घोडे लहानपणापासून पाहतोय, पण आज पहिल्यांदा पाय पाहिले. त्यांच्या माना मला जाड वाटतात. जोर आहे, मात्र तो जोर दौडीचा वाटत नाही, झुंजीचा वाटतो. थरोब्रेडची मान लांब, आणि खांदा तिरका मागे गेलेला. ढांग लांब पडते ती या तिरप्या खांद्यामुळे.

२४ जुलै

ओळखीच्या एका निवृत्त डॉक्टरांनी सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात घोड्याचा सांगाडा पाहायची सोय करून दिली. त्यांचे उपकार. एका तासात माझे चाळीस वर्षांचे गैरसमज गेले. पुढच्या पायाचा ज्याला आपण गुडघा म्हणतो तो खरं तर मनगट. मागच्या पायाचा उलटा वाकलेला गुडघा ही टाच. घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटाच्या टोकावर उभा असतो आणि खूर म्हणजे त्या बोटाचं नख. पाचशे किलोंचं जनावर चार नखांवर! त्या सांगाड्यापुढे उभा राहिलो तेव्हा माझेच गुडघे दुखायला लागले.

घरी येऊन डोक्याच्या मापाने पूर्ण रेखाटन पुन्हा केलं. खांद्यापर्यंतची उंची म्हणजे अडीच डोकी. २२ इंचांत डोकं पावणेनऊ इंच. मी साडेनऊ काढलं होतं. तांगेवाल्याचा घोडा होत होता.

२८ जुलै

रॉ अंबर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून पहिला थर. अंबर लवकर वाळतो म्हणून तोच खाली. पावसाने कॅनव्हास सैल पडलाय, ब्रश टेकला की पोटासारखा आत जातो. चारही कोपऱ्यांतल्या पाचरी हलक्या हाताने ठोकल्या. आता ढोलकीसारखा वाजतोय.

४ ऑगस्ट

आजच्या तारखेला, १९७३ साली, साराटोगाच्या धावपट्टीवर सेक्रेटेरियट हरला. तीन मोठ्या शर्यतींचा मुकुट डोक्यावर होता, पंचवीस वर्षांत कोणाला मिळाला नव्हता असा, आणि ज्याने हरवला त्या घोड्याचं नाव होतं ओनियन. कांदा! हे मी बायकोला सांगितलं तेव्हा ती विळीवर कांदाच चिरत होती. “बघा, तुमच्या सचिवालयालाही कांद्यानंच रडवलं,” म्हणाली. त्या दिवशी तो आजारी होता, अंगात ताप होता, असं सांगतात. मला हे हरणं आवडतं. त्या बेल्मॉन्टच्या शर्यतीत समालोचकाने त्याला प्रचंड यंत्राची उपमा दिली आणि तीच सगळ्यांच्या तोंडी बसली. यंत्राला ताप येत नाही.

काम : पोटाची खालची कड. बाकी काही नाही.

९ ऑगस्ट, राखी

रंगाचा प्रश्न. माझ्याकडे त्याचे अकरा फोटो छापून आणलेले आहेत आणि अकरा फोटोंत अकरा घोडे. एकात विटेचा रंग, एकात जांभळाकडे झुकलेला, एकात नागपुरी संत्रं. जुन्या रंगीत फोटोंत रंग सारखे उडत नाहीत, निळा आधी जातो आणि चित्र लाल पडतं. ‘बिग रेड’ हे त्याचं लाडाचं नाव, पण लाल म्हणजे कोणता लाल, हे कागद सांगू शकत नाही.

उत्तर मोरीत सापडलं. बहीण यायची म्हणून बायकोने आईच्या वेळचं तांब्याचं घंगाळ चिंच लावून घासलं होतं आणि ते दारात उन्हाला ठेवलं होतं. उन्हाच्या बाजूला जवळजवळ पिवळं, मधे तांबडं, सावलीत तपकिरी, आणि वरच्या गोलाव्यावर आकाशाचा फिकट निळा. हे निळं महत्त्वाचं. तुकतुकीत कातड्यावर पाठीच्या वरच्या भागात आकाश दिसतं. तिथे पांढरा घालून उजळ करायला गेलं की घोडा पिठात लोळल्यासारखा दिसतो.

पॅलेट ठरली : बर्न्ट सिएना, रॉ सिएना, थोडा ट्रान्सपरंट ऑक्साइड रेड, सावलीला अल्ट्रामरीन. काळ्याची ट्यूब कपाटात ठेवून किल्ली बायकोकडे दिली. पाटीवर अक्षराला सावली म्हणजे काळा, ही सवय हाताला आहे आणि हाताचा भरवसा नाही.

घंगाळ दोन दिवस वर ठेवून घेतलं. बहिणीने विचारलं, “दादा, आंघोळ वर करतोस का रे आता?”

१३ ऑगस्ट

फसलो.

पाय गुडघ्याखाली गडद केले होते. छापील फोटोत तसेच दिसतात, दिसायलाही भारदस्त. घोडीवाल्यांना मोबाइलवर चित्र पाठवलं. पाच मिनिटांत फोन. “काहून जी, घोडा बदलला का?”

“का?”

“हा तं कुमैत केला तुम्ही. पाय काळे, आयाळ काळी. सुरंगाच्या अंगात काळा राहतच नाई. जे अंगावर, तेच आयाळीत, तेच पायात. उन्हात पाहाल तं आयाळ अजून फिक्की.”

काळ्याची ट्यूब कुलपात होती तरी मी अंबर आणि अल्ट्रामरीन मिसळून काळा तयार केलाच होता. तांबड्या घोड्याच्या केसात काळं रंगद्रव्य तयारच होत नाही, कुमैताच्या पायात आणि आयाळीत ते असतं. सगळा फरक तेवढाच. फोटोत जी काळी दिसली ती सावली होती. चाकूने पुढचा डावा पाय खरवडला, आयाळ फडक्याने पुसली, सगळं पुन्हा तांबड्यात. दोन दिवसांचं काम गेलं.

याच फोनवर आणखी एक कळलं. पांढऱ्या पायाखाली कातडी गुलाबी असते आणि खूरही बहुतेक फिका, तांबड्या पायाखाली खूर गडद. म्हणजे चार खुरांना एक रंग चालणार नाही.

१७ ते २१ ऑगस्ट

चित्र बंद. तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल रंगवायचे आहेत. गल्लीतली पोरं दरवर्षी माझ्याकडेच आणतात, शिवाय एका दुकानाचे चाळीस नग. पांढरा हात, लाल शिंगं, पाठीवर झूल, डोळे. या पाच दिवसांच्या पैशातूनच वर्षभराचे कॅनव्हास निघतात. भोसल्यांच्या काळात राजे रघुजी दुसरे यांनी लहान मुलांसाठी हा सण सुरू केला असं आमच्याकडे सांगतात. त्यांचेही उपकार.

२३ ऑगस्ट, तान्हा पोळा

सकाळपासून खिडकीखाली मारबतीचं, म्हणजे पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीचं, ढोलताशांसकट तुफान. काळी आणि पिवळी भेटल्या तेव्हा आमच्या खोलीची काचसुद्धा थरथरत होती. “ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!” आणि यंदाचे बडगे, म्हणजे टोमणे मारणारे पुतळे, एकाहून एक. संध्याकाळी नातू सजवलेला बैल ओढत घरोघर जाऊन खाऊ घेऊन आला.

रात्री मोबाइल उघडला तर रॉन टर्कॉट गेल्याची बातमी. काल, २२ तारखेला, कॅनडात न्यू ब्रन्सविकमधल्या घरी. वय ८४. सेक्रेटेरियटच्या पाठीवरचा तो निळा-पांढरा माणूस. १९७८ साली त्याच बेल्मॉन्ट पार्कवर दुसऱ्या एका घोड्यावरून पडला आणि कमरेखालचं शरीर कायमचं गेलं. उरलेली सत्तेचाळीस वर्षं चाकाच्या खुर्चीत.

मी त्याला चित्रातून काढून टाकलेलं आहे. आज ते नीट वाटलं नाही. पण परत घालणार नाही.

३१ ऑगस्ट

डोळा. नातवाने निदान केलं. गणपतीच्या सुट्टीत वर आला, चित्रासमोर उभा राहिला आणि म्हणाला, “आजोबा, याचा डोळा माझ्या बैलाचा आहे.”

आहेच! चाळीस बैलांचे ऐंशी डोळे काढून हात बसलेला : गोल बुबुळ, भोवती पांढरं, काजळ. तोच घोड्याला लागला. दुपारीच पाचपावली गाठली. पांढऱ्या घोडीच्या डोळ्यात हातभर अंतरावरून पाहिलं. पांढरं जवळजवळ दिसतच नाही. ते दिसलं तर घोडं भ्यालेलं किंवा बिथरलेलं. बाहुली गोल नसते, आडवी, लांबट. वरच्या कडेला तपकिरी दाण्यांचा बारीक झुबका, जसं खसखशीचं काही चिकटलंय. आणि या सगळ्यावर पूर्ण अंगण इवलंसं : दार, कडुनिंब, दोरीवरची चादर, आणि मी.

डोळा तीन वेळा काढला. चौथा राहिला. त्यात मी अंगण नाही घातलं, नुसता एक फिका आडवा उजेड. शर्यती संपल्यावरचं त्याचं अंगण केंटकीतलं, आणि ते मी पाहिलेलं नाही.

७ सप्टेंबर

गणपती गेले. खोलीत पुन्हा शांतता. पुठ्ठ्यावर, म्हणजे घोड्याच्या मागच्या भरल्या भागावर, पातळ ग्लेझ, पारदर्शक रंगाचा थर. याच भागात त्याची खरी ताकद. केंटकी डर्बीत, त्या तीन मोठ्या शर्यतींतल्या पहिलीत, पहिल्या पाव मैलापासून शेवटच्यापर्यंत प्रत्येक पाव मैल आधीच्याहून कमी वेळात पळाला होता. घोडे शेवटी थकतात, हा शेवटी उघडत गेला. पुठ्ठा म्हणून थोडा वजनदार ठेवला.

१४ सप्टेंबर

घोडा उभा आहे पण कुठेच नाही. मागे नुसती करडी-पिवळी भिंत. इंग्रज चित्रकार स्टब्जने १७६२च्या सुमाराला एका तांबड्या थरोब्रेडला असंच मोकळ्या पार्श्वभूमीवर काढलं आणि ते जगात गाजलं. पण त्याने दीडेक वर्ष घोडे फाडून हाडं-स्नायू पाहिले होते. मी एक सांगाडा पाहिला, तोही तासभर.

फोटो पुन्हा पसरले. एक गोष्ट इतके दिवस समोर होती. शर्यतीचे सोडून जेवढे फोटो आहेत, त्या जवळपास प्रत्येकात एक माणूस आहे. एडी स्वेट, त्याचा साईस. आपल्याकडचा जुना शब्द मोतद्दार. दक्षिण कॅरोलिनातून आलेला काळा माणूस, १९९८ साली गेला. आंघोळ तो घालायचा, पायाला पट्ट्या तो बांधायचा, बक्षिसाच्या वेळी दोर त्याच्या हातात. मालकीणबाईंचं नाव, ट्रेनर ल्यूसियन लॉरिनचं नाव, जॉकीचं नाव मला पन्नास वर्षं पाठ आहे. हे नाव मला साठी ओलांडल्यावर कळलं.

फोटोतून तो बहुतेकदा अर्धा कापलेला असतो. मीही कापणारच आहे, चार फुटांत दुसरं शक्य नाही. पण हात ठेवणार. डावीकडच्या कडेतून येणारा एक हात, मोहरकीच्या दोरावर. घोड्याने तोंड किंचित त्या हाताकडे वळवलेलं. याचा अर्थ मान पुन्हा काढायची. ठीक.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री

मान झाली. कान सरळ, पण डावा थोडा हाताकडे फिरवलेला. घोड्याचं लक्ष कुठे आहे ते कान सांगतो, हे पाचपावलीत शिकलो.

हातासाठी आरशात माझाच हात पाहिला. दोराचे दोन वेढे तळहाताभोवती, मूठ घट्ट. दिसायला छान, ताण दिसतो. बाबांच्या पानावर आज काकस्पर्श लवकर झाला.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

ब्रश धुऊन पाटावर मांडले. बाबांचा बारा नंबरचा चपटा ब्रशही, आता त्याला चार केस उरलेत. हळद-कुंकू, झेंडू. जवसाच्या तेलाची बाटलीही ठेवली. खोलीला आईच्या जवसाच्या चटणीचा वास येतो तो हिच्यामुळे. आज ब्रशला हात लावायचा नाही. उद्या दसरा, दीक्षाभूमीकडे जाणाऱ्यांची आजपासूनच रीघ आहे, रिक्षा मिळणार नाही म्हणून घोडीवाल्यांना शनिवारचं बोलावणं दिलं.

४ ऑक्टोबर, शनिवार

तारीख मी मुद्दाम धरलेली नव्हती. नंतर लक्षात आलं. ४ ऑक्टोबर १९८९, केंटकीत क्लेबोर्न फार्मवर त्याला झोपवलं. वय १९. लॅमिनायटिस. खुराचं कवच आतल्या हाडाला धरून ठेवणारे पडदे सुटत जातात, मग स्वतःचंच वजन पायांना पेलवत नाही. जुलैत पाहिलेली ती चार नखं आठवली.

शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना हृदय प्रचंड मोठं आढळलं. त्यांनी वजन केलं नव्हतं. २२ पौंड, म्हणजे दहा किलो, हा त्यांनी नंतर केलेला अंदाज. सगळीकडे मात्र तो तराजूवर घातल्यासारखा सांगतात. हृदय चित्रात येत नाही, त्यामुळे मला या वादात पडायचं कारण नाही. छातीची रुंदी मी फोटोवरून घेतली आहे.

संध्याकाळी घोडीवाले आले. बायकोने चहा आणि चिवडा दिला. खुर्ची दिली तर बसले नाहीत. चित्रापासून चार हात लांब, मग एकदम जवळ, मग खाली वाकून खूर. डोळ्यापाशी थोडं थांबले, मान हलवली. मला वाटलं, सुटलो.

मग हाताकडे बोट.

“हा कोन?”

“त्याचा साईस. तेवीस वर्षं घोड्यांत काढलेल्यांनाही त्याचा हात ओळखू यायचा म्हणतात,” मी जरा चढवूनच सांगितलं.

“मंग हा त्याचा हात नाई. हा तुमचा आहे.”

मी गप्प.

“दोर हाताले गुंडाळून कोनी धरत नाई जी. घोडं बिचकलं तं बोटं संग जातीन.” त्यांनी उजवा पंजा उघडून दाखवला. करंगळी मधल्या पेरापासून नव्हती. जुलैपासून मी त्या माणसासमोर बसून घोडे काढतोय. “एकोनीस वर्षाचा होतो. वरात होती, फटाके. तवापासून घडी करून धरतो.”

खिशातून सुतळी काढली आणि दोर कसा मागेपुढे घड्या घालून, मुठीत नुसता दाबून धरायचा ते दाखवलं. झटका आला की घड्या सुटत जातात, हात मोकळा. पकड सैल दिसते, पण सैल नसते.

५ ऑक्टोबर

सकाळी चाकूने बोटं खरवडली. खालचा थर पुरता वाळलेला होता म्हणून भिंत वाचली.

९ ऑक्टोबर

घोडीवाले पुन्हा आले, तासभर दोर धरून उभे राहिले. पैसे घेतले नाहीत, बग्गीच्या मागे नाव आणि मोबाइल नंबर रंगवून द्यायचं ठरलं. हात झाला. रंग एडी स्वेटचा, पकड यांची. घोड्याचं तोंड आणि हात यांच्यात एक वीतभर सैल दोर आहे, आधी तो ताठ होता.

सही खाली उजवीकडे, बाबा पाटीवर करायचे तशी, बारीक आणि तिरकी. व्हार्निश एप्रिलच्या आधी नाही, तेलाला आतून वाळू द्यायचं.

मानेवरच्या शिरेची एक शंका अजून आहे. २ नोव्हेंबरला तुळशीचं लग्न, त्यानंतर घोडी सापडायची नाही. या आठवड्यातच जाऊन यावं लागेल, बग्गीचं कामही त्याच खेपेत.